सामान्य गणित

"सर, सही कुठं करायची तेवढं बोट ठेवून दाखवा," दस्तगीर मिस्त्री म्हणाले आणि हाताचं व्हार्निश चिंधीला पुसत माझ्यापुढे उकिडवे बसले.

मी बोट ठेवलं. 'पालकाची स्वाक्षरी' असं छापलेल्या ओळीच्या शेवटी. बोट ठेवताना माझा हात जराही हलला नाही, हे मला आजही आठवतं आणि ते आठवायला नको असतं.

बोरजाई गावातलं ते माझं त्या आठवड्यातलं नववं घर. घर कसलं, दुकानच. स्टँडच्या मागे पत्र्याची शेड, आत पोट उघडून ठेवलेल्या विहिरीवरच्या मोटारी, आणि सगळीकडे जळक्या तारेचा वास. दस्तगीर मुलाणी जळालेल्या मोटारी भरायचे, म्हणजे आतली काळी पडलेली तार काढून नवी घालायचे. त्यांची मुलगी नाझनीन नुकतीच आठवी संपवून नववीत आली होती. ती कोपऱ्यात स्टुलावर बसून लाकडी साच्यावर तांब्याची तार गुंडाळत होती. ओठ हलत होते. मी आत आलो तेव्हा तिनं मान लववली, पण बोलली नाही.

"मोजणी चाललीय तिची," मिस्त्री म्हणाले. "मधी बोलली की येढा चुकतोय, मग सगळं उलगडावं लागतंय. बसा तुमी. च्या सांगतो."

ती मोजणी माझ्या पथ्यावर पडली. मला बापाशीच बोलायचं होतं.

मी त्या शाळेत गणित शिकवत होतो. सहा वर्षं, बिनपगारी. शाळा विनाअनुदानित, आज ना उद्या अनुदान येईल या आशेवर आम्ही नऊ शिक्षक खडू झिजवत होतो. मुख्याध्यापक शेडबाळे सर वाईट माणूस नव्हते. असते तर ही गोष्ट सांगायला सोपी झाली असती. मे महिन्यात त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं, पंखा माझ्याकडे वळवला आणि म्हणाले, "दोन वर्षांनी मूल्यांकनाला माणसं येणार. तेव्हा आत्ताची आठवी दहावीत असेल. निकाल शंभर टक्के लागला तर आपली फाइल वर सरकेल. तुमचा पगार चालू होईल, माझा होईल, शिपायाचा होईल. आणि निकाल कशात अडकतो, ते तुम्हाला मी सांगायला नको."

निकाल गणितात अडकायचा. माझ्या विषयात.

बोर्डानं त्या काळात कच्च्या मुलांसाठी एक सोय ठेवली होती. बीजगणित आणि भूमितीच्या ऐवजी 'सामान्य गणित' घ्यायचं. टक्केवारी, व्याज, क्षेत्रफळ, असं व्यवहारातलं. त्यात पास होणं सोपं. पोरं त्याला 'जनरल' म्हणायची. फक्त ते एकदा घेतलं की पुढची वाट बंद. अकरावीला गणित घेता येत नाही, इंजिनिअरिंगच्या डिप्लोमाला जाता येत नाही. नववीच्या सुरुवातीला, चौदाव्या वर्षी, एका अर्जावर हे ठरायचं. पुढे काही वर्षांनी बोर्डानंच तो विषय बंद केला. आमच्या उपयोगाचं काम तोवर होऊन गेलं होतं.

यादी मी केली. आठवीच्या वार्षिकचे गुण बघून खालची सतरा नावं काढली. शेडबाळे सरांनी पेन घेतलं आणि त्यातली सहा खोडली. उपसरपंचाचा मुलगा, संस्थेच्या संचालकांच्या भावकीतले दोघे, आमच्या हिंदीच्या बाईंची भाची, आणि असेच आणखी दोन. "यांच्या घरचे उद्या विचारायला येतात," ते म्हणाले. उरली अकरा. त्या अकरा घरांतून शाळेची पायरी चढून कुणी कधी काही विचारलं नव्हतं. उपसरपंचाच्या मुलाला पन्नासपैकी सात होते. नाझनीनला तेरा होते. ती यादीत राहिली.

ते तेरासुद्धा मीच दिलेले. ती उत्तर बरोबर काढायची, पण पायऱ्या लिहायची नाही. प्रश्न, आणि त्याच्याखाली थेट आकडा. बोर्डाच्या पद्धतीत पायरीला गुण असतात, म्हणून मी कापत गेलो. एकदा तरी जवळ बसवून सांगायला हवं होतं की बाई, डोक्यातलं कागदावर उतरव. पंचावन्न पोरांच्या वर्गात मला ती कटकट वाटली. मी लाल शाईनं 'पायऱ्या?' असं लिहायचो आणि पुढची वही घ्यायचो.

तर त्या शेडमध्ये मी मिस्त्रींना सांगत होतो, "दस्तगीरभाई, पोरगी बाकीच्या विषयांत चांगली आहे. गणितामुळं सगळी टक्केवारी खाली येते. हे घेतलं की वर जाईल."

"म्हंजी मार्क वाढत्यात?"

"वाढतात की. ऐंशीच्या पुढं जाईल."

"आन् ह्यात वाईट काय?"

त्यांनी अगदी सरळ विचारलं होतं. गिऱ्हाईक नवीन मोटार घेताना विचारतं तसं.

"वाईट काय असणार? गणितच आहे. जरा सोपं, एवढंच."

"मग सगळीच पोरं का न्हाई घेत?"

या प्रश्नाला आधीच्या आठ घरांत कुणी हात घातला नव्हता. मी क्षणभर अडखळलो आणि मग जे बोललो, ते बोलताना मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं.

"सगळ्यांना कुठं देता येतं?" मी म्हणालो. "निवडक मुलांनाच आहे."

मिस्त्रींचा चेहरा खुलला. त्यांचं शिक्षण चौथीपर्यंत. शाळेनं त्यांच्या घरातल्या कुणाला निवडण्याची ती पहिलीच वेळ असणार. "तुमी म्हणताय म्हंजी बरोबरच असंल," असं म्हणत त्यांनी पेन मागितलं, आणि मी बोट ठेवलं, आणि त्यांनी सावकाश, एकेक अक्षर जोडत सही केली.

"अडुसष्ट," कोपऱ्यातून आवाज आला. नाझनीननं तार कापली, टोकाला गाठ मारली आणि उठून आमच्याजवळ आली. तिनं अर्ज उचलून वाचला. सगळा वाचला, पाठीमागचा मजकूरही.

"सर, मला डिप्लोमा करायचाय," ती म्हणाली. "इलेक्ट्रिकलचा. पॉलिटेक्निकला. तिथं हे चालतं ना?"

"कशाला आत्तापासनं डिप्लोमा?" मी हसून म्हणालो. "आधी दहावी तर होऊ दे."

"न्हाई सर, तिचं ठरल्यालं हाय," मिस्त्री म्हणाले. त्यात तक्रार नव्हती. "मला म्हणती, अब्बा, तुमाला मोटर भरायला येती, पर ती जळली का, ते कुठं सांगता येतंय? खरंच हाय ते. मी भरून देतो, म्हैन्यानं परत जळून येती. का जळती ते मला न्हाई कळत."

"ते शिकायचंय मला," नाझनीन म्हणाली. "चालतं ना सर?"

चहा आला होता. मी एक घोट घेतला.

"चालतं की," म्हणालो.

दहाव्या घरी जायला निघालो तेव्हा मिस्त्री माझ्या सायकलीपर्यंत पोचवायला आले होते.

जनरलवाल्यांचा तास वेगळा व्हायचा, प्रयोगशाळेच्या मागच्या व्हरांड्यात. अकरा पोरं जमिनीवर बसायची आणि मी भिंतीला टेकवलेल्या फळ्यावर सरळव्याज काढायचो. निवडक मुलं. पहिल्या महिन्यात त्यांच्याही ते लक्षात आलं. मुख्य वर्गातली पोरं त्यांना 'ए जनरल' अशी हाक मारू लागली, आणि मी ती हाक ऐकून न ऐकल्यासारखं करू लागलो.

नाझनीननं जनरलचं पुस्तक दिवाळीच्या आत संपवलं. दिवाळीनंतर एके दिवशी तास सुटल्यावर ती माझ्यामागे आली. हातात मुख्य वर्गातल्या सुवर्णाचं बीजगणिताचं पुस्तक होतं आणि वही होती. वहीत एकसामयिक समीकरणं सोडवलेली होती. पायऱ्यांसकट. एकेक पायरी खाली खाली, डावीकडे कारण लिहिलेलं. जे मी दोन वर्षांत शिकवलं नव्हतं ते ती कुणाला न विचारता शिकली होती. त्या वहीत लाल शाई लावायला जागा नव्हती.

"सर, हे वर्गसमीकरण आमच्यात कधी येणार?"

"तुमच्यात नाही ते."

"मग डिप्लोमाला गेल्यावर अडेल की."

"तिथं पहिल्यापासून शिकवतात," मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघत उभी राहिली. जरा जास्तच वेळ. "शिकवतात ना नक्की?" तिनं विचारलं.

"शिकवतात गं. तू काळजी करू नकोस."

"बरं सर," ती म्हणाली आणि गेली.

त्या दिवशी मात्र मी शेडबाळे सरांकडे गेलो. एवढं माझ्या नावावर जमा धरायला हरकत नाही. म्हणालो, "मुलाणींच्या मुलीचा विषय बदलू या. मुख्य गणित देऊ. तिला जमेल."

"एकीचं बदललं की उरलेल्या दहांचे बाप दारात," ते म्हणाले.

"बाप येणाऱ्यांतले नाहीत सर. म्हणून तर ते यादीत आहेत."

शेडबाळे सर हसले नाहीत. त्यांनी टेबलावरचा एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. "ठीक आहे. लिहून द्या. ही मुलगी दहावीला गणितात पास होईल, नाही झाली तर निकालाची जबाबदारी माझी. खाली सही करा. मी आजच बदलतो."

ती पास होईल हे मला पक्कं ठाऊक होतं. पास कसली, वर्गात पहिली आली असती. तरी मी त्या कोऱ्या कागदाकडे बघत बसलो. मनात आलं, परीक्षेच्या दिवशी आजारी पडली तर? पायऱ्या विसरली तर? नव्याण्णव टक्क्यांवर फाइल अडली, तर उरलेले आठ शिक्षक माझ्याकडे कसे बघतील? बापाला सही करायला लावताना मी जेवढा विचार केला होता त्याच्या दसपट विचार मी स्वतःची सही करताना केला. आणि कागद परत सरकवला.

"राहू दे सर," मी म्हणालो.

दीडेक वर्षानं दहावीचा निकाल शंभर टक्के लागला. स्टँडवर फ्लेक्स लागला. त्यात नाझनीनचा फोटो दुसऱ्या ओळीत होता, सत्त्याऐंशी टक्के. सामान्य गणितात शंभरपैकी शहाण्णव. माणसं मूल्यांकनाला येऊन गेली, जेवली, आमची पाठ थोपटून गेली.

निकालाच्या संध्याकाळी दस्तगीर मिस्त्री माझ्या खोलीवर पेढ्यांचा पुडा घेऊन आले. माझ्या बायकोच्या हातात तो देत म्हणाले, "वैनी, सरांच्यामुळं झालं. सरांनी निवडलं न्हवं पोरीला." मग माझ्याकडे वळले. "सर, परवा पॉलिटेक्निकला जायचं हाय, फारम भरायला. तुमी संगट चला. आमाला त्यातलं काय बी कळत न्हाई. तुमी असलं की बरं असतंय."

तिथं सांगायला हवं होतं. पुडा आमच्या घरात होता, बायको चहा ठेवायला आत गेली होती, बाहेर दुसरं कुणी नव्हतं. यापेक्षा सोयीची वेळ मिळणार नव्हती. पण मी म्हणालो, "येतो की." नंतरचे दोन दिवस मी मनाची समजूत घालत होतो. नियम बदलले असतील. सत्त्याऐंशी टक्के बघून कुणी विषय बघणार नाही. खिडकीवरचा माणूस घाईत असेल. गणिताचा मास्तर असून मी अशा शक्यतांवर विसंबून होतो.

जिल्ह्याच्या गावाला एसटीनं जायला दीड तास लागायचा. नाझनीननं नवा ड्रेस घातला होता आणि मांडीवर प्लास्टिकची फाइल धरली होती. वाटेत ती माझ्याशी एक शब्दही बोलली नाही. मला वाटलं, घाबरली असेल.

पडताळणीच्या खिडकीवर चाळिशीच्या एक बाई होत्या. घाईत नव्हत्या. त्यांनी चष्मा लावला, गुणपत्रिकेवरून बोट खाली खाली आणलं आणि एका ओळीवर थांबवलं.

"हे सामान्य गणित आहे."

"व्हय मॅडम, शहाण्णव हायत," मिस्त्री अभिमानानं म्हणाले.

"शहाण्णव असोत नाहीतर शंभर. डिप्लोमाला हे चालत नाही. माहितीपुस्तिकेत दिलंय, आणि वर्षानुवर्षं दिलंय." त्यांनी फाइल बंद केली. आवाज कडक नव्हता. "अर्जच भरला जाणार नाही. बोर्डाकडं विचारा, गणित घेऊन परत बसता येतं का ते. यंदाचं तर काही होत नाही."

मिस्त्रींना ते समजायला वेळ लागला. मग ते बाजूला झाले आणि मला पुढे केलं, एखादं राहिलेलं कागदपत्र पुढे करावं तसं. "सर हायत की संगं. सर, सांगा की मॅडमास्नी."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही शिक्षक? विषय कोणता?"

"गणित," मी म्हणालो.

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि रांगेत आमच्या मागच्या माणसाला हात केला.

आम्ही बाहेर आलो. आवारात सायकल स्टँडच्या बाजूला एक चहाची टपरी होती, तिथल्या बाकड्यावर बसलो. मिस्त्री बसले नाहीत. ते उभेच होते, गुणपत्रिका हातात धरून, ती उजेडात तिरकी करून बघत होते. त्यांना तिच्यात काय सापडायला हवं होतं कुणास ठाऊक.

"सर," ते शेवटी म्हणाले, "तुमास्नी ठावं नव्हतं न्हवं हे?"

आरोप नव्हता तो. आरोप असता तर मी कदाचित खरं बोललो असतो, रागाच्या भरात का होईना. तो माणूस माझ्याकडे गयावया करत होता. मी नाही म्हणावं म्हणून.

"नाही," मी म्हणालो. "नियम मधेच बदलला असणार."

मी नाझनीनकडे पाहिलं नाही. पण ती बोलली.

"हां अब्बा, बदललाच असणार. सरांना कसं ठाऊक असंल? ठाऊक असतं तर सर बोलले नसते व्हय?"

"तेच म्हणतो मी," मिस्त्री म्हणाले, आणि त्यांनी मोठा श्वास सोडला. "सर कशाला सांगतील तसं." मग त्यांना नवी आशा वाटली. "मी आतल्या मोठ्या सायबाला भेटून येतो. नियम बदलला तर आपली काय चूक? तुमी बसा हितं." आणि गुणपत्रिका घेऊन ते परत आत गेले.

आम्ही दोघं राहिलो. मला गहिवरून आलं होतं. पोरीनं मला वाचवलं, असं मला वाटत होतं. एवढी समज, एवढं मोठं मन. मी काहीतरी तसंच म्हणालो. "नाझनीन, तू सांभाळून घेतलंस. मी तुझे उपकार..."

"तुमच्यासाठी नाही बोलले सर," ती म्हणाली.

तिनं फाइलची गुंडी उघडली, परत लावली.

"फॉर्मवर सही अब्बांची आहे. तुम्हाला ठाऊक होतं हे त्यांना कळलं तर ते तुमच्यावर नाही चिडणार. त्यांना चिडताच येत नाही मास्तर लोकांवर. ते स्वतःलाच बोलणार. मी न विचारता सही कशी केली, पोरगीची मोजणी संपंपर्यंत दम का न्हाई काढला. जन्मभर तेच बोलत बसतील. त्यापेक्षा नियम बदलला ते बरं."

मी विचारलं, "तुला कधी कळलं?"

"नववीत. दिवाळीला सुवर्णाचा भाऊ आला होता, तो डिप्लोमा करतो. तो म्हणाला, जनरलवर होत नाही."

"मग तू माझ्याकडं का नाही आलीस?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. त्या दिवसात पहिल्यांदा.

"आले होते की सर. दिवाळी झाल्यावर. वर्गसमीकरण घेऊन. म्हटलं, सरळ विचारलं तर सरांना अवघड वाटेल. तसं विचारावं, म्हणजे सर आपणहून सांगतील. तुम्ही म्हणाला, तिथं शिकवतात. मी परत विचारलं, नक्की का. तुम्ही म्हणाला, काळजी करू नको." ती थांबली. "मग मला वाटलं, सुवर्णाचा भाऊच चुकला असणार. तो काय, पहिल्या वर्षाला होता. तुम्ही सर होता."

टपरीवाल्यानं चहाचे दोन ग्लास आणून ठेवले. कुणी हात लावला नाही.

माफी मागायची असते अशा वेळी. ती माझ्या तोंडाशी आलीही होती. पण माफी मागितली की ती द्यायची की नाही हे त्या सोळा वर्षांच्या मुलीला ठरवावं लागलं असतं, आणि तिच्या डोळ्यांकडे बघून मला त्या उत्तराची भीती वाटली. मी ती मागितली नाही.

"पुढच्या वर्षी यादी कराल तेव्हा पोरांना खरं सांगा सर," ती म्हणाली. "बरेच जण तरीही घेतील. आमच्यातल्या सात-आठ जणांना तेच बरं होतं, त्यांना पासच व्हायचं होतं. पण सांगा."

"सांगेन," मी म्हणालो. "शब्द देतो."

तिनं मान हलवली. विश्वास ठेवल्यासारखी नाही आणि न ठेवल्यासारखीही नाही. समोरून मिस्त्री येताना दिसले, तशी ती उठून उभी राहिली आणि चेहरा नीट केला.

"सायेब जेवायला गेल्यात," मिस्त्री म्हणाले. "पर शिपाई म्हणला, काय उपेग न्हाई." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमी जिवाला लावून घिऊ नका सर. तुमचा काय दोष? ते बोर्डाचं तेवढं बगा, परत बसता येतंय का." परतीचं माझं तिकीट त्यांनी मला काढू दिलं नाही.

बोर्डाला मी एक पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. दुसरं लिहिलं नाही. नाझनीन तालुक्याच्या कॉलेजात अकरावी आर्ट्सला गेली. मिस्त्री बाजारात भेटले की नमस्कार करत, थांबून माझ्या मुलांची चौकशी करत. म्हणून मी बाजाराला दुसऱ्या वाटेनं जाऊ लागलो.

त्याच हिवाळ्यात आमचं अनुदान मंजूर झालं. शाळेत पेढे वाटले. पहिला पगार झाला त्या दिवशी बायकोनं देवापुढं दिवा लावला आणि मला नमस्कार करायला लावला. मी केला.

पुढच्या जूनमध्ये यादीत तेरा नावं होती. शेडबाळे सरांनी अर्जांचा गठ्ठा हातात दिला तेव्हा मी मनाशी ठरवलं की या खेपेला लपवायचं नाही. शब्द दिला होता. आपणहून विषय काढला तर लोक बिचकतील, नको तो गोंधळ होईल, म्हणून असं ठरवलं की कुणी विचारलं, की स्पष्ट सांगायचं. पुढची वाट बंद होते, हे न अडखळता सांगायचं. वाक्यही जुळवून ठेवलं होतं. सायकलवरून जाताना ते मी पुटपुटत जायचो.

चार दिवसांत तेरा घरं झाली. सगळीकडे चहा झाला, सगळीकडे मी बोट ठेवलं. कुणी काही विचारलं नाही.